'ऑर्डर कुठे होती?' : एका युद्धपटाच्या निमित्ताने

आमच्या महाविद्यालयात इतिहास मंडळातर्फे प्रत्येक सत्रात एक ऐतिहासिक चित्रपट दाखविण्याचा प्रघात आहे. गेल्या सत्रात आम्ही 'कोंगेन्स नाय' हा नॉर्वेजियन चित्रपट दाखविला. नावाचा अर्थ 'राजाचा नकार'. एरिक पोप या दिग्दर्शकाने तो २०१६ साली काढला. ९ एप्रिल १९४० च्या पहाटे जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. त्यानंतरच्या तीन दिवसांची ही हकीकत आहे. मी इतिहास शिकवितो आणि त्याबरोबर महाविद्यालयाच्या एन. सी. सी. तुकडीचे कामही पाहतो. साहजिकच सभागृहाच्या पहिल्या दोन रांगा छात्रांनी भरल्या होत्या. त्यांतले काही आपण होऊन आले होते, काहींना मी आणले होते.

चित्रपट संपून दिवे लागले, आणि द्वितीय वर्षाच्या एका छात्राने हात वर केला. तो म्हणाला, "सर, त्या कर्नलला ऑर्डर कुठे होती?"

मी तत्काळ उत्तर दिले. म्हणालो, "खरा सेनानी ऑर्डरची वाट पाहत नाही." टाळ्या पडल्या. छात्र खाली बसला, पण त्याचे समाधान झालेले नाही हे मला दिसले होते. त्यानंतरच्याच रविवारी फायरिंग रेंजवर मी याच मुलांना बजावत होतो, की हुकूम मिळाल्याशिवाय घोड्याला बोटसुद्धा लावायचे नाही. तो छात्र माझ्याकडे पाहत होता. बोलला काहीच नाही. टाळ्या मिळवून देणारे माझे उत्तर चुकीचे होते, हे मला तेथे, वाळूच्या पोत्यांजवळ उभे असताना कळले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम प्रसंग समजून घेऊ. ऑस्लो ही राजधानी समुद्राच्या अगदी काठावर नाही. समुद्रातून आत शिरलेल्या लांब खाडीच्या टोकाला ती वसली आहे. राजधानीच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर ही खाडी ड्रबाक गावापाशी एकदम अरुंद होते, आणि नेमक्या त्या चिंचोळ्या जागी एका लहानशा बेटावर ऑस्कार्सबोर्ग हा किल्ला आहे. आपल्याकडील जलदुर्ग पाहिलेल्या माणसाला ही जागा का निवडली हे वेगळे सांगावे लागत नाही. किल्ल्यावर २८ सेंटिमीटर तोंडाच्या तीन तोफा होत्या. त्या जर्मनीच्या क्रुप कारखान्यात बनलेल्या आणि १८९३ पासून तेथे बसविलेल्या. त्यांना मोझेस, आरोन आणि जोशुआ अशी बायबलातली नावे होती. १९४० साली त्या म्युझियममध्ये ठेवण्याच्या वयाच्या झाल्या होत्या, आणि जर्मन आरमाराने त्यांना फारसे मोजलेलेही नव्हते.

किल्ल्याचा अधिकारी कर्नल बिर्गर एरिक्सन. वय ६४, निवृत्ती काही महिन्यांवर. हाताखालची बहुतेक मुले आठवडाभरापूर्वी भरती झालेली. खाडीत पेरावयाचे सुरुंग अद्याप पेरलेले नव्हते. नॉर्वे तटस्थ होता. पहिल्या महायुद्धातही तो तटस्थ राहिला होता. त्या रात्री नॉर्वेच्या बहुतेक अधिकाऱ्यांनी युद्ध प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते असे म्हणावयास हरकत नाही.

८ एप्रिलच्या रात्री अकराच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी गस्त घालणाऱ्या 'पोल तीन' या छोट्या बोटीने अनोळखी जहाजे पाहिली आणि इशारा दिला. तिचा कप्तान लाइफ वेल्डिंग-ऊल्सेन त्या झटापटीत मरण पावला. बाहेरच्या राउअय आणि बोलार्ने या किल्ल्यांनी धुक्यात काही गोळे टाकले. जहाजे पुढे निघून गेली. पहाटे चारनंतर अंधारातून एक प्रचंड आकृती ऑस्कार्सबोर्गकडे सरकू लागली. जहाज कोणाचे याची एरिक्सनला खात्री नव्हती. ते इंग्रजांचेही असू शकले असते, कारण आदल्याच दिवशी ब्रिटनने नॉर्वेच्या समुद्रात सुरुंग पेरल्याचे जाहीर केले होते. गोळा टाकावा की टाकू नये याविषयी वरून निःसंदिग्ध आदेश आलेला नव्हता. तटस्थतेचा नियम असा, की परके जहाज आत शिरल्यास प्रथम इशाऱ्याचा गोळा टाकावा. ४ वाजून २१ मिनिटांनी एरिक्सनने थेट मारा करण्याचा हुकूम दिला. आता एक तर मला पदक मिळेल, नाही तर माझे कोर्टमार्शल होईल, अशा अर्थाचे त्याचे उद्गार नॉर्वेत प्रसिद्ध आहेत.

ते जहाज 'ब्ल्यूखर' नावाची जर्मन क्रूझर होती. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये आरमारात दाखल झालेली, दोनशे मीटरहून लांब, अगदी नवी कोरी. ऑस्लो ताब्यात घ्यावयाचे सैन्य आणि त्याचा सेनापती तिच्यावर होता. दोन्ही तोफांचे गोळे तिच्यावर बसले, आग लागली. नंतर पाण्याखालच्या गुप्त केंद्रातून सोडलेले दोन टॉर्पेडोही बसले. सुमारे दोन तासांनी ती उलटून बुडाली. मागची जहाजे माघारी वळली. सकाळी ७ वाजून २३ मिनिटांनी राजा, राजकुटुंब, मंत्री आणि संसदसदस्य यांना घेऊन एक आगगाडी ऑस्लोहून हामारकडे निघाली. बँकेतले सोनेही ट्रकमधून बाहेर काढता आले.

चित्रपटात एरिक हिव्यू या नटाने एरिक्सनची भूमिका केली आहे. प्रसंग काही मिनिटांचाच आहे, पण प्रेक्षागृहात त्या वेळी कोणी खोकलेसुद्धा नाही. अंधार, धुके, दुर्बीण आणि म्हाताऱ्याचा चेहरा. एवढ्यावर दिग्दर्शकाने काम भागविले आहे. कॅमेरा हातात धरून चित्रण केल्यामुळे आपणही तटावर उभे आहोत असे वाटते. हे सर्व उत्तम आहे. परंतु पडद्यावर निर्णय म्हणजे एक क्षण दिसतो. मनुष्य गप्प राहतो, श्वास घेतो, 'फायर' म्हणतो. मी छात्राला जे उत्तर दिले ते या क्षणाला भुलून दिले.

वस्तुतः त्या रात्रीची हकीकत बारकाईने वाचली असता असे दिसते, की मोठा निर्णय ४.२१ ला झालाच नाही. तो त्याआधी, लहान लहान तुकड्यांत होऊन गेला होता. तीन तोफा होत्या, पण शिकलेले तोफची एका तोफेपुरतेच. नियमाप्रमाणे त्या सर्वांना एका तोफेवर ठेवून ती नीट चालविणे शहाणपणाचे ठरले असते. एरिक्सनने त्यांना दोन तोफांवर वाटले आणि राहिलेल्या जागी स्वयंपाक्यांसारखी बिगरलढाऊ माणसे उभी केली. याचा अर्थ त्याने मनाशी एक हिशेब केला होता : गोळा पाव टनाहून थोडा जड, अशा अर्ध्याकच्च्या माणसांकडून तो दुसऱ्यांदा भरून होईपर्यंत जहाज पुढे निघून जाईल. तेव्हा प्रत्येक तोफेला एकच वार मिळणार. एका तोफेने एक वार करण्यापेक्षा दोन तोफांनी दोन करावे. आता हाच हिशेब इशाऱ्याच्या गोळ्याला लावून पाहा. ज्याच्याजवळ दोनच गोळे आहेत त्याने एक इशाऱ्यासाठी पाण्यात टाकला, तर त्याने आपली अर्धी शक्ती सभ्यतेवर खर्च केली. माणसे दोन तोफांवर वाटली त्या वेळीच इशारा न देण्याचे जवळजवळ ठरून गेले होते. हे चित्रपटात आले नाही याबद्दल दिग्दर्शकाला दोष देता येणार नाही. वाटणीचा हिशेब पडद्यावर दाखविणार कसा?

टॉर्पेडोंचेही तसेच. ते केंद्र पाण्याच्या पातळीवरच्या खडकात दडविलेले होते. तेथील नेहमीचा अधिकारी आजारी होता. त्याच्या जागी ड्रबाकमध्ये राहणारे निवृत्त अधिकारी आंद्रेआस आंदेर्सन यांना बोलावून घेण्यात आले होते. त्या रात्री ते जुना गणवेश चढवून होडीतून बेटावर आले. टॉर्पेडो सुमारे चाळीस वर्षांचे होते आणि शत्रूच्या जहाजावर कधी सुटलेले नव्हते. मला आंदेर्सन यांच्यावर एक स्वतंत्र चित्रपट पाहावयास आवडेल. पेन्शनीतल्या माणसाला मध्यरात्री निरोप येतो आणि तो कपाट उघडून गणवेश अजून अंगात बसतो का ते पाहतो, येथून त्याची सुरुवात व्हावी.

आता छात्राच्या प्रश्नाकडे येऊ. ऑर्डर कुठे होती? माझे आजचे उत्तर असे, की ऑर्डर होती. फक्त ती टेलिफोनवरून आलेली नव्हती. ऑस्कार्सबोर्ग किल्ला जेथे बांधला तेथे बांधणे हीच एक ऑर्डर होती. शत्रूचे जहाज या चिंचोळ्या जागेतून राजधानीकडे जाऊ द्यावयाचे नाही, हे त्या तोफांचे तोंड ज्या दिशेला होते त्यावरूनच वाचता येत होते. राहता राहिला इशाऱ्याचा नियम. इशारा कशासाठी? वाट चुकलेल्या किंवा अजाणता आत आलेल्या जहाजाला, तू परक्याच्या हद्दीत आहेस, हे कळावे म्हणून. ही जहाजे तर गस्तीची बोट आणि दोन किल्ले ओलांडून, गोळे टाकले गेले असताना, आत आली होती. एरिक्सनने नेमका हाच विचार केला होता. जे सांगावयाचे ते बाहेरच्यांनी सांगून झाले होते. पुन्हा सांगण्याचे कारण उरले नव्हते. म्हणजे त्याने नियम फेकून दिला नाही, तर त्या नियमाचे काम आधीच पूर्ण झाले आहे असे ठरविले. हे ठरविण्यात चूक झाली असती तर? समोरचे जहाज इंग्रजांचे निघाले असते तर? कोर्टमार्शलचे उद्गार या ठिकाणी कामाचे आहेत. ते बढाईचे वाक्य नाही. आपण जे करीत आहोत त्याची चौकशी होऊ शकते, ती व्हावी आणि तिला आपण उत्तर द्यावयाचे आहे, हे त्यात गृहीत धरले आहे. 'मी ऑर्डरची वाट पाहत नाही' असे म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी कोर्टमार्शलचा शब्द येत नाही.

त्याच दिवशी उत्तरेला नार्विक बंदरात जे घडले ते यासोबत वाचले पाहिजे. चित्रपटात ते नाही, आणि माझ्या पहिल्या उत्तरातही नव्हते. तेथे 'आइड्सवोल्ड' नावाची जुनी नॉर्वेजियन युद्धनौका उभी होती. तिचा कप्तान ऊड इसाक्सेन विलोक. पहाटे जर्मन विनाशिका जवळ आली आणि तिच्यावरचा अधिकारी बोलणी करण्यासाठी छोट्या बोटीतून 'आइड्सवोल्ड'वर चढला. शरण या, एवढेच त्याचे म्हणणे. विलोकने वरिष्ठांशी संपर्क साधला. वरिष्ठांनी लढण्याचा हुकूम दिला. विलोकने तो जर्मन अधिकाऱ्याला स्पष्ट सांगितला आणि रीतीप्रमाणे त्याला सुखरूप परत जाऊ दिले. बोट थोडी दूर जाताच अधिकाऱ्याने लाल खुणेची गोळी हवेत उडविली. 'आइड्सवोल्ड'च्या तोफा सुटण्यापूर्वीच टॉर्पेडो येऊन आदळले आणि नौका क्षणार्धात बुडाली. कप्तानासह जवळजवळ सर्व खलाशी गेले.

येथे ऑर्डर होती. ती मागितली गेली, वेळेवर मिळाली, आणि लढण्याचीच होती. विलोक भ्याला नाही, गोंधळला नाही, त्याने कोणताही नियम मोडला नाही. त्याला भ्याड ठरवून एरिक्सनला शूर ठरविणारा जो इतिहास आपण पाठ्यपुस्तकांच्या धर्तीवर बनवू, तो खोटा असेल. विलोकने पाळलेली रीत दोन्ही बाजूंनी पाळावयाची असते; समोरच्याने ती पाळणे सोडले आहे हे त्याला कळावयास त्या लाल खुणेपर्यंत थांबावे लागले. एरिक्सनजवळ बाहेरच्या किल्ल्यांची बातमी होती, म्हणून त्याला ते काही तास आधी कळले. दोघांच्या शौर्यात फरक नाही, हाती असलेल्या बातमीत आहे.

आता राजाकडे वळतो. चित्रपट त्याच्याच नावाचा आहे, आणि येस्पर क्रिस्टेनसन या डॅनिश नटाने राजा सातवा हाकोन असा उभा केला आहे, की सुरुवातीला नातवाशी बर्फात लपाछपी खेळणारा आजोबा शेवटपर्यंत डोळ्यांसमोरून हलत नाही. हाकोन हा मूळचा डेन्मार्कचा राजपुत्र. नॉर्वे १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळा झाला तेव्हा लोकांनी मतदान करून त्याला राजा निवडले. त्याचा सख्खा भाऊ दहावा क्रिस्तियान डेन्मार्कचा राजा होता, आणि डेन्मार्कने त्याच ९ एप्रिलच्या सकाळी काही तासांत शरणागती पत्करली होती. १० एप्रिलला जर्मन राजदूत कुर्ट ब्रॉयर एल्वेरुम येथे राजाला भेटला. क्विस्लिंगला पंतप्रधान नेमा, ही हिटलरची मागणी. ब्रॉयरला राजाशी एकट्याशी बोलून तेथल्या तेथे उत्तर हवे होते. राजा म्हणाला, मी घटनेने बांधलेला राजा आहे, मंत्रिमंडळाशी बोलल्याशिवाय मी निर्णय देऊ शकत नाही. नंतर मंत्र्यांसमोर त्याने सांगितले, की निर्णय तुमचा. मी क्विस्लिंगला नेमू शकत नाही. तुम्हाला मागणी मान्य करावयाची असेल तर मी सिंहासन सोडतो. मंत्रिमंडळाने मागणी नाकारली. ११ एप्रिलला न्युबेर्गसुंद गावावर बाँब पडले तेव्हा राजा आणि युवराज जंगलात झाडांच्या आडोशाला होते.

एकाच चित्रपटात हे दोघे समोरासमोर आहेत, आणि माझ्या मते चित्रपटाचे खरे बळ त्यात आहे. कर्नल वरच्यांना न विचारता निर्णय घेतो. राजाच्या वर कोणी नाही, तरी तो विचारल्याशिवाय निर्णय घेण्यास नकार देतो. माझे पहिले उत्तर खरे मानले तर राजा दुबळा ठरतो. तसा तो एका प्रेक्षकालाही वाटला नाही. राजाजवळ एक दिवस होता, आणि त्या दिवसाचा उपयोग त्याने विचारण्यासाठी केला. कर्नलजवळ काही मिनिटे होती. राजाला तो दिवस त्या मिनिटांमुळेच मिळाला होता, हेही खरे. 'ब्ल्यूखर' पहाटेच ऑस्लोच्या धक्क्याला लागली असती तर एल्वेरुमला ब्रॉयरशी बोलावयास राजा मोकळा राहिला नसता. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ऑस्कार्सबोर्गच्या तोफा डागल्या जात होत्या जवळजवळ त्याच घटकेला ऑस्लोमध्ये ब्रॉयर परराष्ट्रमंत्री हाल्व्दान कूट यांच्या हाती शरणागतीची मागणी ठेवीत होता, आणि थोड्याच वेळात सरकारने ती फेटाळली. कर्नल आणि सरकार एकाच उत्तरावर स्वतंत्रपणे पोचले होते. टेलिफोन मात्र मागे राहिला होता.

दोन गोष्टी चित्रपट टाळतो, त्या नोंदविल्या पाहिजेत. पहिली, बुडालेली माणसे. 'ब्ल्यूखर'वर किती मेले याचे अंदाज सहाशेपासून हजारापर्यंत आहेत. एप्रिलचे नॉर्वेतले पाणी, त्यावर पेटलेले तेल, आणि त्यात पोहणारी विशी-बाविशीची पोरे. ती आक्रमक होती हे निर्विवाद. पण एका हुकमाने इतकी माणसे जातात, हे ज्या छात्राला पुढे सैन्यात जावयाचे आहे त्याने पडद्यावर पाहावयास हवे होते. ते जहाज अजून ड्रबाकच्या खाडीच्या तळाशी आहे.

दुसरी गोष्ट, दुसरा दिवस. ऑस्लो त्याच ९ तारखेला पडले. जर्मन सैन्य विमानांनी फोर्नेबू विमानतळावर उतरले आणि शहरात चालत गेले. ऑस्कार्सबोर्गवर दिवसभर बाँब पडत राहिले. मागे वळलेल्या जहाजांनी दक्षिणेला किनाऱ्यावर सैन्य उतरविले आणि ड्रबाक घेतले. किल्ल्याच्या तोफा पाण्याकडे रोखलेल्या, शत्रू जमिनीवरून आलेला, हाताखाली आठवड्याचे रंगरूट. १० एप्रिलच्या सकाळी एरिक्सनने किल्ला स्वाधीन केला. युद्धानंतर त्याला नॉर्वेचा सर्वोच्च शौर्यसन्मान, तलवारीसह युद्धक्रूस, मिळाला, आणि १९५८ मध्ये तो वारला. पण शरणागतीचा हा दुसरा निर्णय कोणी पडद्यावर रंगविलेला नाही. मला तो पहिल्यापेक्षा सोपा वाटत नाही. आदल्या पहाटे मारा केलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीही वीर राहण्याचा मोह झाला असता, तर त्याची किंमत त्या रंगरूटांनी दिली असती.

हे सारे मी त्या छात्राला स्टाफ रूमच्या बाहेरच्या बाकावर बसवून सांगितले. पाऊण तास लागला. त्याने मधे मधे वहीत काही लिहून घेतले. शेवटी त्याने विचारले, "सर, मग ती तिसरी तोफ?" मी म्हणालो, तिच्यावर उभे करायला माणसेच उरली नव्हती.

"आणि स्वयंपाकी? त्यांना तोफेवर उभं केलं तेव्हा त्यांनी विचारलं नाही का, ऑर्डर कुठे आहे म्हणून?"

तास सुरू होण्याची घंटा झाली होती. तो वही मिटून वर्गाकडे गेला.